नलूचा रंग

इंदूकाकूंच्या गोष्टीतली नायिका नेहमी नुकतीच न्हाऊन आलेली असायची. ओले केस पाठीवर मोकळे, कपाळावर चुकार बट, अंगावर फिकट रंगाचं पातळ आणि कांती केतकीची, फार तर सायीची. ती अंगणातल्या तुळशीपाशी उभी असताना नायक फाटकातून आत यायचा आणि पुढचं सगळं त्या एका नजरेतून घडायचं. महिन्या-दोन महिन्यांनी अशी एक गोष्ट ठाण्याहून निघणाऱ्या एका मासिकात छापून यायची आणि डोंबिवलीतल्या बायका ती एकमेकींकडे मागून नेऊन वाचायच्या.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. तिथल्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि काकूंच्या घराची मागची खोली रिकामी होती. काका ठाण्याच्या कचेरीत कारकून. सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे, मध्ये फारसं बोलायचे नाहीत. घरातलं बोलणं सगळं काकूंचं. त्या फोडणी करताना संवाद म्हणून बघायच्या. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून ‘‘निघून जा! या घराची पायरी पुन्हा चढू नकोस!’’ असं ऐकून मी धावत गेले, तर काकू एकट्याच वांगी परतत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘‘सासरा आहे गं. जरा जास्तच ओरडतोय का?’’

दुपारी भांडीकुंडी झाली की त्या तांदळाच्या डब्याला पाठ टेकून बसायच्या, गुडघ्यावर पाट घ्यायच्या आणि काकांनी कचेरीतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायच्या. तोंडात बडीशेप. चार वाजता चहाचं आधण ठेवायच्या, ते वाक्य अर्धं टाकून. ‘‘अर्धं वाक्य ठेवलं की उद्या बसायला बरं पडतं,’’ म्हणायच्या. गोष्ट कशी लिहायची असं कुणी विचारलं तर त्यांचं एकच उत्तर असे. ‘‘आधी ती मला दिसली पाहिजे. दिसली की बोलायला लागते.’’

माझं अक्षर चांगलं. त्यामुळे छापखान्यात द्यायची प्रत मी करायला लागले. लिहिता लिहिता काकू मध्येच हाक मारायच्या, ‘‘विमल, जरा हात उजेडात धर बघू.’’ मी धरायची. पुढच्या पानावर नायिकेच्या गोऱ्या मनगटावरची निळी शीर यायची. कधी माझा कान, कधी मान. ‘‘तुझ्यावरून घेतलं गं,’’ असं त्या उघड सांगायच्या. मी बावीस वर्षांची होते आणि मला ते आवडायचं. ते वाक्य प्रतीत उतरवताना माझं अक्षर आणखीच वळणदार होत असे, हेही सांगून टाकते.

तिथेच शेजारी नलू तांदूळ निवडत बसलेली असायची.

नलू काकूंची एकुलती एक मुलगी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, काळी, उंच, आजीच्या वळणावर गेलेली. काकूंच्या प्रत्येक गोष्टीची पहिली वाचक तीच. चुका काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता. सुपातली नजर न काढता म्हणायची, ‘‘आई, तिसऱ्या पानावर हिची आई वारलीय आणि नवव्या पानावर पोळ्या करतेय.’’ काकू कपाळावर हात मारायच्या आणि आम्ही तिघी हसत सुटायचो. नायिकेच्या रंगाबद्दल नलू कधी काही म्हणाली नाही. काकूंनीही तिला कधी हात उजेडात धरायला सांगितलं नाही.

तिच्या लग्नाचं बघणं चालू होतं. काकू तिला हळद आणि डाळीचं पीठ लावून न्हाऊ घालायच्या, उन्हात जाऊ द्यायच्या नाहीत. चार-पाच ठिकाणांहून नकार आल्यावर कुणीतरी सुचवलं की फोटो चांगला काढून पाठवा. म्हणून आम्ही तिघी कल्याणला एका स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरने नलूच्या तोंडावर पावडर थापली आणि काकूंना विचारलं, ‘‘बाई, उजळ करून देऊ ना?’’

‘‘करा की. तुमच्या हातात आहे तेवढं करा,’’ काकू म्हणाल्या.

फोटो आला. फोटोच्या काचेवर कसलीशी कलाकुसर करून त्याने नलूला अगदी गोरी करून टाकलं होतं. नाक नलूचं, डोळे नलूचे, पण बाकी सगळी भलतीच कुणीतरी. नलूने तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, ‘‘छान आहे गं ही. हिलाच देऊन टाका.’’ आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.

त्या फोटोवरून पुढच्याच महिन्यात एक मंडळी बघायला आली. नलू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘फोटोतली मुलगी कुठाय?’’

नलूने बशी त्यांच्यापुढे ठेवली. ‘‘ती गावाला गेलीय,’’ म्हणाली.

काका खाली मान घालून बसले. मंडळी पोहे न खाता उठली. त्या दिवशी काकू नलूवर जेवढं बोलल्या तेवढं त्यांच्या कुठल्याही गोष्टीतला सासरा बोलला नसेल. ‘‘जीभ आवरता येत नाही? रंगाचं मी काही करू शकते, जिभेचं काय करू?’’ नलू चुलीपाशी बसून ऐकत होती. तोंडावर जाळाचा उजेड.

शेवटी खडवलीच्या एका मास्तरांशी तिचं लग्न झालं. बिजवर, पहिली बायको वारलेली, मूल नव्हतं. बघायला आले तेव्हा त्यांनी नलूला एकच प्रश्न विचारला, वाचायला काय आवडतं. नलूने सांगितलं, ‘‘आईच्या गोष्टी.’’ काकूंना बिजवराला मुलगी दिल्याची खंत होती. मला आठवतं, त्याच दिवाळीला त्यांनी दोन बहिणींची गोष्ट लिहिली. धाकटी गोरी, तिला डॉक्टर नवरा. थोरली सावळी, पण मनाने मोठी, ती बिजवराचा संसार हसतमुखाने सांभाळते. सगळ्यांना फार आवडली. प्रत मीच केली होती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, नलू विषमज्वराने गेली. निरोप मिळून काका-काकू खडवलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. काकूंना तिचं तोंड बघायला मिळालं नाही.

चौदाव्या दिवशी मास्तर स्वतः तिची ट्रंक घेऊन आले. ओटीवर ठेवली, पाणी प्यायले, काही बोलायला तोंड उघडलं आणि तसेच उठून गेले. काकूंनीही त्यांना बसा म्हटलं नाही. ती ट्रंक महिनाभर तशीच पडून होती. मग एका दुपारी मला हाक आली.

काकू जमिनीवर बसल्या होत्या. नलूच्या साड्या बाजूला, आणि समोर मासिकांचा गठ्ठा. लग्नानंतर आणि आधी छापून आलेली काकूंची प्रत्येक गोष्ट तिने जपून ठेवली होती.

‘‘हे बघ,’’ काकू म्हणाल्या.

मी पहिला अंक उघडला. गोष्टीत एक मोलकरीण होती. ‘काळी होती, पण प्रामाणिक होती.’ त्यातल्या ‘पण’खाली पेन्सिलीची बारीक रेघ. दुसरा अंक. ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस.’ ‘पण’खाली रेघ. तिसरा, चौथा. दोन बहिणींच्या गोष्टीत तीन ठिकाणी. बाकी कुठे खूण नाही, समासात एक अक्षर नाही. फक्त तो एक शब्द, आणि त्याच्याखाली पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ.

‘‘एवढ्या चुका काढायची,’’ काकू म्हणाल्या. ‘‘ही एक नाही सांगितली मला.’’

त्यातले कितीतरी ‘पण’ मी माझ्या वळणदार अक्षरात एकेकदा लिहिलेले होते.

त्या दिवसापासून त्यांनी केतकीच्या नायिका सोडल्या. मासिकाची पत्रं यायची, त्या उघडायच्या नाहीत. नलूला लिहायचं, एवढंच घेऊन बसल्या. रोज पाट गुडघ्यावर घ्यायच्या, पहिली ओळ लिहायच्या, फाडायच्या. एकदा मी चहा घेऊन गेले तर भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘‘ती दिसत नाही गं मला.’’

भिंतीवर काकांनी नलूचा फोटो लावला होता, हार घालून. घरात तो एकच होता. कल्याणचा.

‘‘आवाज येतो,’’ काकू सांगत होत्या. ‘‘मागीलदारी पाणी ओतलं की येतो. पावलं वाजतात. पाठमोरी दिसते कधी कधी. वळली की हिचं तोंड असतं.’’ त्यांनी फोटोकडे बोट केलं. ‘‘ही परकी पोर माझ्या नलूच्या अंगावर तोंड लावून घरभर फिरते. माझी कुठेय?’’

त्यांनी तो फोटो उतरवून कपाटात ठेवला. काकांनी कचेरीतून आल्यावर काढून पुन्हा टांगला. दुसऱ्या दिवशी काकूंनी उतरवला. काकांनी टांगला. कितीतरी दिवस हे चाललं होतं. मी शाळेतून आले की आधी भिंत बघायची. कधी खिळा असायचा, कधी ती गोरी मुलगी.

मग काकू माणसं बघत फिरायला लागल्या. पूर्वी बाजारात गेल्या की बायकांची पातळं बघायच्या, आता हात बघायच्या, गळे बघायच्या, टाचा. लोक चमकून बघायचे. खाडीकडच्या गावातून बायजा नावाची एक म्हातारी मीठ विकायला यायची. तिला त्यांनी पायरीवर बसवलं आणि तिच्या दंडाकडे टक लावून बघत राहिल्या.

‘‘काय बगतंस गो बाय?’’ बायजा म्हणाली. ‘‘मीठ तं टोपलीन हाय.’’

‘‘तुझा रंग बघतेय. लिहायचाय मला.’’

बायजा पोट धरून हसली. ‘‘काला तं काला! त्यान काय लिवायचा? आनि कंचा लिवशील? मिठागरान उभी ऱ्हायली का मी येगली, घरान गेली का येगली. न्हाली का येगली. एक रंग थोराच ऱ्हातंय मान्साचा?’’

काकूंनी तिला थांबवून घेतलं. अंगणात उभी केली, मग ओटीच्या सावलीत, मग मागच्या फणसाखाली. बायजा कुरकुरत, हसत सगळीकडे उभी राहिली.

एकदा मला म्हणाल्या, ‘‘तुझ्या वर्गात मागे बसू देशील?’’ मी हेडबाईंना विचारून त्यांना नेलं. मुली भूगोलाचे नकाशे काढत होत्या आणि काकू मागच्या बाकावर बसून एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. घंटा झाल्यावर व्हरांड्यात म्हणाल्या, ‘‘चाळीस पोरी, चाळीस रंग. आणि माझ्याकडे शब्द किती? गोरी, सावळी, काळी. चौथा गव्हाळ, तो तर लग्न जमवणाऱ्यांचा. वीस वर्षं लिहितेय मी, विमल. कशाच्या जिवावर लिहिलं?’’

मी मदत म्हणून सुचवलं, गुळासारखा म्हणा, चिंचेसारखा, खारकेसारखा.

‘‘खायच्या वस्तू नकोत,’’ त्या एकदम म्हणाल्या. ‘‘माझी पोर काय पानात वाढायचीय?’’

ती गोष्ट पुरी व्हायला वर्ष लागलं. प्रत करायला घेतली तेव्हा मला ती वाचताना जागोजाग थांबावं लागलं. गोष्ट साधी होती. एक मुलगी आणि तिचा एक दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. विहिरीवर पाणी ओढताना तिच्या ओल्या दंडावर आभाळ चमकतं. चुलीपुढे तिचे गाल तांबूस काळे होतात. सुपातल्या पांढऱ्या तांदळावर तिची बोटं फिरतात, तळवे आतून फिकट. कुठेच ‘पण’ नव्हता. तिच्याखेरीज दुसरी एक बाई होती गोष्टीत, आणि तिची गोरी कांतीही काकूंनी तितकीच बारकाईने लिहिली होती. उन्हाने लाल होणारी, डास चावला की वळ उठणारी. ती कोण हे मला विचारावं लागलं नाही.

प्रत घेऊन आम्ही दोघी ठाण्याला गेलो. तलावाजवळच्या एका माडीवर मासिकाची कचेरी होती. संपादक काकूंना बघून खूश झाले, चहा मागवला आणि तिथेच वाचायला बसले. वाचून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, ‘‘बाई, लिहिलंय उत्तम. मुलगी मात्र फार काळी झालीय.’’

‘‘आहेच ती काळी.’’

‘‘असेल. पण पानापानावर कशाला? चित्रकार चित्र काय काढणार? एकदा सावळी म्हणा आणि सोडून द्या. किंवा रंगाचं काही म्हणूच नका. ज्याला जशी हवी तशी तो बघेल.’’

‘‘मी काही म्हटलं नाही तर सगळे तिला गोरीच धरतात,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तुम्हीसुद्धा. मीसुद्धा तेच केलं इतकी वर्षं. एवढीशी जागा मोकळी सोडली की ती फोटोतली येऊन बसते.’’

संपादकांना फोटोचं काही कळलं नाही. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘वाचकाला नायिका आवडायला हवी, बाई.’’

‘‘मला आवडायला हवी होती,’’ काकू म्हणाल्या. त्यांनी कागद उचलले, नीट जुळवले आणि आम्ही जिना उतरलो. चहा तसाच राहिला.

परत येताना मी दुसऱ्या मासिकांची नावं घेत होते. त्या ऐकत नव्हत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, ‘‘नको. हे वाचू शकेल असा एकच माणूस आहे.’’ आणि ती प्रत त्यांनी टपालाने खडवलीला पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती.

मास्तर आले तो रविवार होता. त्या आधी दोनच दिवस माझं लग्न ठरल्याचं पत्र आलं होतं आणि मी खोलीतलं सामान आवरत होते. काका देवळात गेले होते. मास्तर ओटीवर बसले, कागद मांडीवर. त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं. मधल्या काळात कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

‘‘आई,’’ ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे सगळं. चुलीपुढची तर तीच आहे. फक्त एक राहिलंय.’’

काकू दारात उभ्या होत्या. ‘‘काय राहिलंय?’’

मास्तरांनी स्वतःच्या मानेमागे हात नेला. ‘‘इथं. केस वर बांधले की दिसायचं. इथं ती जास्त काळी होती. मान खाली घालून वाचायला बसली की मी मागून बघायचो. काळीभोर म्हणायचो तिला.’’

‘‘तुम्ही तिला काळी म्हणायचात?’’

‘‘काळीभोर.’’

‘‘आणि तिला चालायचं?’’

मास्तर जरा लाजले. ‘‘आवडायचं तिला. पुन्हा म्हणा म्हणायची.’’

काकूंनी दाराची चौकट धरली. मी आत पातळांच्या घड्या घालत होते, माझे हात थांबले. मग काकू खाली बसल्या, त्यांच्यासमोर, पायरीवर. ‘‘अजून सांगा,’’ म्हणाल्या.

ते सांगत राहिले. हळूहळू, शाळेत धडा समजावावा तसं. खडवलीला नदीवर ती दुपारीसुद्धा जायची, ऊन लागेल म्हणून थांबायची नाही. तिथे तिने पोहायला शिकायचा हट्ट धरला होता. काकू मध्येच विचारायच्या, ‘‘पोहायला? नलू?’’ आणि मास्तर मान हलवायचे. गाडीची वेळ झाली तेव्हा ते उठले, आणि काकू पायात वहाणा सरकवून म्हणाल्या, ‘‘मी येते रेल्वेच्या फाटकापर्यंत.’’ त्या कधी कुणाला पोचवायला जात नसत.

पुढच्याच आठवड्यात मी डोंबिवली सोडली. लग्नानंतर एकदा जायचं ठरवलं होतं, ते झालं नाही, आणि वर्षाच्या आत काकू गेल्याचं काकांचं कार्ड आलं. निघायच्या धांदलीत त्या मला घरात भेटल्या असतील, पायाही पडले असेन मी त्यांच्या. ते काही आठवत नाही. शेवटच्या आठवतात त्या त्याच रविवारच्या.

ती दोघं गेल्यावर तासाभराने मी सुतळी आणायला बाजाराकडे निघाले होते. रेल्वेच्या फाटकाजवळ चिंचेखाली दोघं अजून उभी होती. खडवलीची गाडी कधीच निघून गेली असणार. गवताच्या गाड्या फाटक उघडायची वाट बघत ओळीने थांबल्या होत्या. मास्तर बोलत होते, हातांनी काहीतरी दाखवत होते, आणि काकू मान तिरपी करून, तोंड किंचित उघडं टाकून ऐकत होत्या. जिला आपण कधी पाहिलेलं नाही अशा मुलीची हकिकत ऐकावी तसं. मी जवळ आले तेव्हा त्या विचारत होत्या, ‘‘आणि माझ्यावर रागवायची का हो ती? कधी बोलली का?’’

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या चेहऱ्यावर, मग हातांवर. ते थांबले. काकूंना मी दिसले नाही, त्या त्यांच्याच तोंडाकडे बघत होत्या. मी मान खाली घालून तशीच चालत राहिले. पुढे वळणावर मागे पाहिलं तर काकू तशाच वर बघत उभ्या होत्या, आणि मास्तर मी दिसेनाशी होण्याची वाट बघत होते.